कुंडीतल्या वडाला काळी माती नको!

घरावर स्लॅब पडला, की जुन्या छपरावरून उतरवलेले कवेलू परसात ढीग करून पडतात. त्यांचं करायचं काय, असा प्रश्न गडचांदूर, कोरपना, राजुरा, जिवती भागातल्या कितीतरी घरांत असतो. कोणी ते रस्त्याच्या खड्ड्यात टाकतो, कोणी उकिरड्यावर नेऊन ओततो. शेतकरी बंधू-भगिनींनो, या फुटक्या कवेलूंचा एक उपयोग असा आहे की ऐकून तुम्हाला हसू येईल. कुंडीत वाढवलेल्या वडाला, पिंपळाला, चिंचेला आपल्या शेतातल्या पहिल्या प्रतीच्या काळ्या मातीपेक्षा या कवेलूंचा चुरा जास्त मानवतो.

कुंडीत लहान ठेवलेल्या मोठ्या झाडाला आपण मराठीत वामनवृक्ष म्हणतो. जपानी लोक बोन्साय म्हणतात. 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे लावलेलं झाड. ही कला मूळची चीनची, पण जपानने ती जगभर नेली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ती चांगली रुजली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात 'बोन्साय नमस्ते' नावाचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. आता आपल्या भागातही शाळामास्तर, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची पोरं वडाचं रोप कुंडीत लावून बघतात. बहुतेकांचं झाड दुसऱ्या पावसाळ्यात मरतं. मग "आपल्या हवेत हे जमत नाही" असं म्हणून कुंडी कोपऱ्यात जाते.

हवेचा दोष नाही. वड, पिंपळ, उंबर, चिंच ही तर आपल्याच हवेतली झाडं. दोष असतो मातीचा आणि कुंडी बदलण्याच्या वेळेचा. या दोन गोष्टी नीट कळल्या तर वामनवृक्ष जगतोच, शिवाय गावच्या रोपवाटिकेतली, पिशवीतली रोपंही जगतात. म्हणून ज्यांना बोन्सायची हौस नाही त्या सरपंच-ग्रामसेवकांनीही पुढचं वाचावं.

परकोटावरचा पिंपळ काय सांगतो?

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट तुम्ही पाहिला असेल. त्याच्या दगडांच्या फटीत पिंपळ, वड, उंबर माजले होते. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो परकोट साफ करायला घेतला, तेव्हा ही झाडं काढता काढता नाकी नऊ आले. माणिकगडाच्या पडक्या तटावर किंवा गावातल्या जुन्या विहिरीच्या कठड्यावरही तुम्हाला हेच दिसेल. तिथे कोणी खत घातलं नव्हतं, की कोणी पाणी दिलं नव्हतं. मूठभर धूळ आणि पाखरांच्या विष्ठेतून आलेलं बी, एवढंच भांडवल.

तरी झाड जगलं, कारण फटीत मुळाला हवा होती. पाऊस आला की पाणी लागायचं आणि लगेच वाहून जायचं. पाण्यामागून हवा आत शिरायची. मुळालाही श्वास लागतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो. पाणी साचून राहिलं की मूळ गुदमरतं, काळं पडतं, सडतं. वर पानं सुकलेली दिसतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि झाड लवकर मरतं.

शेतात राणी, कुंडीत वैरीण

आपली काळी माती चिकण मातीने भरलेली असते. तिचे कण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात हा गुण उपयोगी आहे. पाऊस उघडला तरी कपाशीला, तुरीला खालची ओल महिनोन् महिने पुरते. मुळं हातभर, दोन हात खोल जातात आणि ओल शोधतात.

कुंडीत खोल जायला जागाच नाही. चार बोटं उंचीच्या भांड्यात काळी माती भरली की पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात वीट होते. आकसताना ती बारीक मुळं तोडते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणून तुम्ही समाधानी, आणि झाड तहानलेलं!

याच्या उलट शेतकरी ज्या जमिनीला नाक मुरडतो, ती बरड जमीन बघा. खडेच खडे, पाणी ठरत नाही. कुंडीला तेच हवं. पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात कन्हार, मोरंड, खरडी, सिहार अशी मातीची नावं जुनी माणसं अजून घेतात. त्यातली कन्हार भारी, ती कुंडीला नको. खरडी आणि बरडी हलकी, ती थोडीफार चालते. शेताची प्रतवारी कुंडीसाठी उलटी धरावी, म्हणजे चूक होत नाही.

उथळ कुंडीत पाणी का तुंबतं?

घरी एक प्रयोग करा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीतही असंच होतं. पाणी घातल्यावर तळाशी एक थर नेहमी गच्च ओला राहतो. माती जितकी बारीक तितका हा थर जाड. कुंडी हातभर खोल असेल तर वरच्या भागात मुळाला हवा मिळते. बोन्सायची कुंडी चार बोटांची, त्यामुळे सगळं मूळ त्या गच्च थरातच बुडतं. कुंडीच्या तळाशी गिट्टी टाकली की पाणी निघतं, असा एक समज आहे. तो खरा नाही. वरची माती बारीकच असेल तर गच्च थर गिट्टीच्या वर बसतो आणि मुळाची जागा आणखी कमी होते. तळापासून वरपर्यंत सगळी मातीच जाड कणांची असावी, हाच उपाय.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूर जिल्ह्याच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, अशा वेळी नुसत्या खड्यांत झाड कसं तगणार? इथेच कवेलू कामाला येतो. भाजलेल्या मातीच्या तुकड्यात बारीक छिद्रं असतात. तुकडा स्वतःच्या पोटात पाणी धरतो आणि दोन तुकड्यांच्या मधे हवा राहते. जपानमध्ये यासाठी अकाडामा नावाची दाणेदार माती वापरतात. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ती माती तिकडे जमिनीतून निघते. आपल्याकडे अकाडामा आणायची गरज नाही. कवेलू आणि चांगली भाजलेली वीट तेच काम करतात.

मिश्रण कसं करायचं?

माप टोपल्याचं धरा, घमेल्याचं धरा, पण एकच धरा.

कवेलूचा किंवा भाजक्या विटेचा चुरा दोन टोपली. वर्धा किंवा पैनगंगेची जाड रेती एक टोपलं. चाळलेला लाल मुरूम एक टोपलं. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक टोपलं. वर दोन मुठी निंबोळी पेंड. एवढ्यात लहान-मोठ्या पाच-सहा कुंड्या होतात.

कवेलू गोणपाटात घालून हातोडीने फोडावे. तुकडा तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. मोठे तुकडे पुन्हा फोडा. मग सगळं पिठाच्या चाळणीने चाळा आणि खाली पडलेली भुकटी फेकून द्या. या भुकटीचा मोह धरू नका. खड्यांमधल्या जागा तीच बुजवते आणि केलेली सगळी मेहनत वाया घालवते. रेतीसुद्धा बांधकामावर चाळल्यानंतर उरलेली जाड घ्यावी आणि तिचं पाणी नितळ येईपर्यंत धुवावी.

झाडाप्रमाणे मिश्रणात थोडा बदल करावा. उंबर नदी-नाल्याकाठचं झाड, त्याला खत थोडं जास्त चालतं. वड-पिंपळाला वरचं माप बरोबर आहे. चिंच, बोर, बाभूळ ही कोरड्यातली झाडं, त्यांना खत अर्धं आणि रेती दीडपट करा. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाच्या गिरण्या आहेत. तिकडच्या वाचकांनी धानाचं तूस मंद जाळून त्याचा काळा कोळसा करावा आणि एक टोपलं मुरमाऐवजी तो घालावा. राख होऊ देऊ नका. तूस काळं झालं की लगेच पाणी मारून विझवा.

वीज केंद्राची राख मात्र कुंडीत घालू नका. ती फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण तिचे कण पिठासारखे असतात आणि सगळी छिद्रं बुजवतात. कच्चं शेणखतही नको. त्यातून हुमणी येते, उधळी येते आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेने मुळं भाजतात.

मिश्रण जमलं की नाही, हे कसं ओळखाल? तळाला भोकं पाडलेल्या डब्यात मिश्रण भरून एकदा पूर्ण भिजवा. मग वरून पेलाभर पाणी ओता. पाणी वर न साचता लगेच खाली आलं तर मिश्रण पास. वर तळं झालं तर पुन्हा चाळा.

गडचांदूरच्या वाचकांसाठी खास

आपला हा पट्टा चुनखडीचा. म्हणून तर गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. जमिनीत, खड्यांत, बोअरच्या पाण्यात सगळीकडे चुना आहे. कुंडीच्या काठावर जो पांढरा थर धरतो, तो या पाण्यातलाच क्षार.

चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. जुनी पानं आधी पिवळी पडली तर कारण बहुधा दुसरं असतं. कोवळं पान पिवळं आणि शीर हिरवी, ही लोहाच्या कमतरतेची खूण पक्की लक्षात ठेवा. संत्र्याच्या बागा असणाऱ्यांना ती नवी नाही.

म्हणून खडे, मुरूम किंवा क्रशरवरची बारीक गिट्टी वापरण्याआधी परीक्षा करा. मूठभर खडे काचेच्या पेल्यात घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. ते खडे कुंडीत नकोत. जुन्या भिंतीच्या विटा घेतल्या तर त्यांना चिकटलेला चुना किंवा सिमेंट खरवडून काढा. नवी सिमेंटची कुंडी असेल तर पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला.

पावसाळ्यात छपराचं पाणी टाक्यात धरून ठेवता आलं तर कुंड्यांसाठी त्यासारखं पाणी नाही. बोअरचंच पाणी द्यावं लागत असेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, म्हणजे साचलेला क्षार धुऊन जातो. पानं पिवळी पडलीच, तर लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. हिराकस मातीत टाकून फारसा फायदा होत नाही, चुना त्याला लगेच बांधून टाकतो. रस्त्याकडेच्या आणि कारखान्याजवळच्या घरांत पानांवर धुळीचा थर बसतो. आठवड्यातून दोनदा पानं धुवावीत.

कुंडी केव्हा बदलायची?

बोन्सायची बहुतेक पुस्तकं थंड देशांतल्या झाडांवर लिहिलेली. तिकडे पाईन आणि मेपल हिवाळ्यात झोपतात आणि वसंतात डोळे फुटण्याआधी त्यांची कुंडी बदलतात. ते वेळापत्रक आपल्या वडाला लावू नका. आपली झाडं उष्ण प्रदेशातली. त्यांची मुळं कापायची ती झाड जोमात वाढत असताना, म्हणजे जखम लवकर भरते.

आपल्याकडे सगळ्यात उत्तम काळ म्हणजे पाऊस नीट लागल्यावर, आर्द्रा ते पुष्य नक्षत्र, जूनचा शेवट आणि जुलै. हवेत दमटपणा असतो, पानांतून पाणी कमी उडतं आणि ऊब भरपूर असते. दुसरा काळ फाल्गुनातला, झाड नवी पालवी काढायच्या बेतात असताना. पण पुढे उन्हाळ्यात सावलीची आणि दोन वेळच्या पाण्याची सोय असेल तरच हा काळ धरावा. डिसेंबर-जानेवारीत मुळं मंदावलेली असतात, तेव्हा हात लावू नका. एप्रिल-मे मध्ये तर अजिबातच नको.

लहान, वाढत्या वडाची कुंडी वर्षा-दोन वर्षांनी बदलावी. जुन्या, जमलेल्या झाडाची तीन-चार वर्षांनी. चिंचेची दोन-तीन वर्षांनी. पण कॅलेंडरपेक्षा झाडाकडे पाहा. पाणी पूर्वी लगेच जिरायचं आणि आता वर थांबतं, भोकातून मुळं बाहेर आली, झाड कुंडीतून वर उचललं गेलं, सकाळी दिलेलं पाणी दुपारीच संपू लागलं, यातली दोन लक्षणं दिसली की वेळ झाली असं समजा.

मुळं कापली तर झाड मरत नाही का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी विचारू नये! बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान देशभर जातं. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच सागवान गेलं. सागाची लागवड आपल्याकडे कशी करतात, आठवा. वाफ्यातलं वर्षाचं रोप उपटायचं, खालचं मूळ वीतभर ठेवून बाकी छाटायचं आणि वरचा शेंडा दोन बोटं ठेवून उडवायचा. राहतं ते काडीसारखं ठूठ, ज्याला आपण स्टंप म्हणतो. पाऊस लागताच सब्बलीने भोक पाडून तो जमिनीत रोवायचा. त्याला पानही नाही आणि बारीक मूळही नाही, तरी साग उभा राहतो.

यातला नियम एकच आहे. खालचं जितकं कापाल, तितकं वरचंही कमी करा. मुळं अर्धी आणि पानं सगळी ठेवली, तर अर्धी मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. बोन्सायचा सगळा हिशोब यातच आला. झाडाला उपाशी ठेवून बुटकं करतात, हा समज चुकीचा आहे. उपाशी झाडाला कीड लागते आणि ते मरतं. चांगलं खाऊ घालून वर आणि खाली बेताने छाटत राहिलं, की झाड लहान राहतं आणि निरोगीही राहतं.

प्रत्यक्ष काम असं करा

आदल्या दिवशी पाणी देऊ नका, म्हणजे मातीचा गोळा अखंड निघतो. काम सावलीत आणि संध्याकाळी करा. नवी कुंडी, मिश्रण, धारदार कात्री, तार, बांबूची टोकदार काडी आणि पाणी हाताशी ठेवा, कारण उघडं मूळ वाऱ्यावर दहा मिनिटांतही सुकतं. काम लांबलं तर मुळावर ओलं गोणपाट टाका.

आधी वरची छाटणी करा. मग झाड काढून काडीने कडेची आणि खालची माती हलकेच मोकळी करा. गोल गोल फिरलेली मुळं सोडवा. सोडवता येत नसतील ती कापा. सरळ खाली जाणारं जाड सोटमूळ आखूड करा आणि आडवी पसरणारी बारीक मुळं राखा. झाडाला पाणी पाजतात ती ही बारीक मुळंच. काळी पडलेली, वास येणारी मुळं पूर्ण काढा.

वड, पिंपळ, उंबर यांची निम्मी मुळं कापली तरी चालतं. चिंच आणि बाभळीची तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात, तिचा गोळा विंचरू नका, फक्त कडेने थोडा सोडवा. वडा-पिंपळाच्या जाड मुळाला कापल्यावर चीक येतो, तिथे कोळशाची पूड लावा.

कुंडीला रुपयाच्या नाण्याएवढी दोन तरी भोकं हवीत. त्यांवर मच्छरजाळीचा तुकडा ठेवा. कुंभाराकडून पसरट भांडं मुद्दाम घडवून घेता येतं. आपल्या उन्हाळ्यासाठी ते चारऐवजी सहा बोटं खोल असलं तर चांगलं. तळाला मिश्रणाचा थर द्या, त्यावर झाड बसवा, मुळं चारी बाजूंनी पसरा आणि भोकातून वर घेतलेल्या तारेने झाड कुंडीला घट्ट बांधा. झाड हललं की नवी फुटलेली केसासारखी मुळं तुटतात. कितीतरी झाडं एवढ्याच कारणाने जातात. मग मिश्रण भरून बांबूच्या काडीने टोचत जा, म्हणजे मुळांमधल्या पोकळ्या भरतील. अंगठ्याने दाबू नका. शेवटी झारीने पाणी द्या. भोकातून नितळ पाणी येईपर्यंत देत राहा.

पुढचे तीन आठवडे झाड मांडवाखाली किंवा कडुनिंबाच्या सावलीत ठेवा. महिनाभर खत नाही. कापलेल्या मुळाला खत झोंबतं. नवी पानं फुटली की मूळ लागलं असं समजून हळूहळू उन्हात आणा.

झड लागली आणि चार-चार दिवस ऊन दिसेना, तर कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरपी करा. स्पंज उभा केल्यासारखं होऊन तुंबलेलं पाणी निघून जातं. उन्हाळ्यात सकाळचं ऊन द्या आणि दुपारी सावली. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळा. उन्हात कुंडी तापली की कडेची मुळं भाजतात.

रोप कुठून आणायचं?

जंगलातून नाही. राखीव जंगलातून झाड उपटणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो. पालापाचोळाही जंगलातून आणू नका, आपल्या धुऱ्यावरच्या झाडांचा गोळा करा. जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेला विचारूनच काय ते करावं.

खरं तर जंगलात जायची गरजच नाही. जुन्या घराच्या भिंतीत, स्लॅबच्या पाणी जायच्या नळीपाशी, विहिरीच्या कठड्यावर उगवलेला वड किंवा पिंपळ तुम्ही एरवी काढून फेकणारच असता, नाहीतर तो भिंत फोडतो. तो पावसाळ्यात मूळ राखून काढा. फटीत वाढल्यामुळे त्याचा बुंधा आधीच वाकडा-तिकडा, म्हाताऱ्यासारखा झालेला असतो. तेवढंच रूप येण्यासाठी कुंडीतल्या रोपाला कैक वर्षं लागतात. पिंपळ घरात ठेवायला घरच्यांची हरकत असेल तर वड घ्या, चिंच घ्या.

पैसे मिळतात का, असं बचत गटाच्या बाया विचारतील. मिळतात, पण धीर लागतो. विकण्याजोगं झाड व्हायला पाच ते दहा वर्षं जातात आणि खरं गिऱ्हाईक नागपूर, पुणे, मुंबईकडे आहे. तो गिऱ्हाईक आधी बुंध्याजवळची पसरलेली मुळं बघतो, पानं नंतर. लवकर चार पैसे हवे असतील तर चाळलेला, धुतलेला कवेलूचा चुरा आणि तयार मिश्रण विकता येतं. शहरातल्या हौशी माणसाला ते घरी करणं कठीण जातं.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

आता ज्यांना बोन्सायशी घेणं-देणं नाही त्यांच्यासाठी. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि शेवटी ३३ कोटी असं उद्दिष्ट होतं. वनखातं तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांकडे होतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात ग्रामपंचायती खड्डे खणतात आणि झाडं लावतात. त्यातलं तुमच्या गावात किती जगलं, ते तुम्ही गावात फिरून पाहू शकता.

झाडं मरण्याची कारणं पुष्कळ आहेत. जनावरं खातात, पाणी मिळत नाही. पण एक कारण पिशवीत दडलेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर ठेवलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरतात. ते वेटोळं तसंच खड्ड्यात गेलं की मुळं पुढेही गोलच वाढतात, एकमेकांना आवळतात आणि पाच-सात वर्षांनी वादळात चांगलं दिसणारं झाड मुळासकट पडतं. कुंडीतल्या वडाचं जे दुखणं, तेच पिशवीतल्या कडुनिंबाचं.

यावर उपाय करायला पैसा लागत नाही. लावण्याआधी पिशवी पूर्ण काढा. मातीच्या गोळ्याचा तळ दोन बोटं कापून टाका आणि बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या. मजुरांना घाबरू नका म्हणून सांगा आणि सागाच्या स्टंपची आठवण द्या. गावात रोपवाटिका असेल तर पिशवीत निव्वळ काळी माती भरू देऊ नका. दोन भाग मातीला एक भाग रेती आणि एक भाग कुजलेलं शेणखत हे प्रमाण सगळीकडे सांगतात, पण ते हलक्या मातीसाठी ठीक आहे. आपल्या काळ्या मातीत रेती मातीच्या बरोबरीने घाला. रेती कमी असेल तर धानाचं तूस घाला. रोप पिशवीत एका वर्षाच्या वर ठेवावं लागलं तर मोठ्या पिशवीत हलवा आणि हलवताना खालचं वेटोळं कापा.

काही शंका असल्यास सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीजवळ सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. माती-पाण्याचा नमुना तपासून घेतला तर चुन्याचं प्रमाण कळतं, आणि ते शेतालाही उपयोगी पडतं.

मृगाला अजून अवकाश असेल तोवर कवेलू फोडून, चाळून, धुऊन गोणीत भरून ठेवा. पाऊस लागला की वावरातल्या पेरणीतून एक संध्याकाळ काढा. एका झाडाला तेवढी पुरते.